टेबल, खुर्ची, पलंग

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्रीची रचली असती, बाहेर वादळबिदळ घातलं असतं. यातलं सगळं दिवसाढवळ्या घडलं. म्हणूनच ते मला अजून पचत नाही.

साल २००८. नोव्हेंबरातला एक रविवार, दुपार. हॉलंडमधल्या उट्रेक्ट शहरात कालव्याच्या मागे एक अरुंद गल्ली आहे, तिच्यातलं एकोणीस नंबरचं घर. घर अजून उभं आहे. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. त्यांची झोप उडू नये म्हणून गल्लीचं नाव सांगत नाही.

माझं नाव मारलीस. पडदे शिवते. कुणाकडे शिकले नाही, जुने पडदे उसवून उसवून शिकले. यिके ही माझ्या बहिणीची मुलगी. तेव्हा चोवीस वर्षांची, केस स्वतःच कापायची आणि ते दिसायचं. चित्रं काढायची. शहरातल्या एकाही दालनाने तिची चित्रं भिंतीवर लावली नव्हती. तिच्या मित्रमैत्रिणींचीही नाही.

मग तिने ठरवलं, भिंती आपल्याच असल्या तर?

आमच्याकडे याला घर फोडणं म्हणतात. चोरी नव्हे. घर वर्षाहून जास्त काळ रिकामं पडलेलं असेल तर आत शिरायचं, कुलूप बदलायचं, टेबल, खुर्ची आणि पलंग मांडायचा, आणि आपणच पोलिसांना फोन करायचा. ते येऊन बघतात. तिन्ही वस्तू दिसल्या की तिथे कुणीतरी राहतं असं ठरतं. मग मालकालासुद्धा कोर्टात गेल्याशिवाय त्या माणसाला बाहेर काढता येत नाही. तेव्हा असं होतं. पुढे कायदा बदलला. विशीत मीही अशाच एका घरात राहिलेय, त्यामुळे मला यात नवल वाटत नव्हतं.

घर खरंच रिकामं आहे का, हे बघायची एक रीत आहे. दाराच्या फटीत काडेपेटीची काडी खोचून ठेवायची. कुणी दार उघडलं की काडी पडते. यिकेने खोचलेली काडी कित्येक आठवडे जागची हलली नाही.

घर रिकामं होतं.

हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी आम्ही गेलो. यिके, तिचा मित्र रूबेन, आणि गल्लीत गर्दी दिसावी म्हणून आलेले वीसपंचवीस जण. टेबल, खुर्ची, पलंग रूबेनने आणलं होतं. घर फोडणाऱ्यांना मदत करणारी एक मंडळी आहे, त्यांच्या तळघरात असं सामान पडलेलं असतं. ज्याला लागेल त्याने न्यायचं, काम झालं की परत द्यायचं. पाइनचं टेबल, लोखंडी पलंग आणि एक खुर्ची. खुर्चीच्या एका पायाला दोरी गुंडाळलेली. कितीतरी घरांतून फिरून आलेलं सामान ते. कुणाच्या तक्रारी नव्हत्या.

रूबेनने ते वरच्या पुढच्या खोलीत मांडलं. जिना इतका चढा की पलंग सुटा करून न्यावा लागला.

मी बाहेर कॉफी वाटत उभी होते. पोलिस आले, दोघं. वर जाऊन आले. त्यांतला तरुण होता तो दारात यिकेला म्हणाला, "ठीक आहे. आणि वरच्या बाईंना सांगा, घाबरायचं कारण नाही. आम्ही फक्त बघून गेलो."

यिकेने मान हलवली. तिला वाटलं, मी वर आहे. मला वाटलं, तिची कुणी मैत्रीण वर आहे.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप पिताना ती म्हणाली, "मावशी, तू वर जाऊन कशाला बसलीस? पोलिसाला वाटलं आम्ही म्हातारीला कोंडून ठेवलंय."

मी म्हटलं, "म्हातारी तुझी आई. मी रस्त्यावर होते."

रूबेन म्हणाला, पोलिसाला चष्म्याची गरज आहे. सगळे हसले.

मीही हसले...

आता वेसलबद्दल सांगायला हवं. तो त्या रविवारच्या गर्दीत आला आणि राहिला. जुन्या मोडक्या दारांपासून काहीबाही बनवायचा. बोलायचा कमी. कुणाचा मित्र, कुठून आला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याचे बूट फार चांगले होते. इतके चांगले बूट घालून कुणी घर फोडायला येतं?

अशा घरांत मालक आपली माणसं पेरतात. मी माझ्या काळात एक पाहिलेला होता, आमच्याबरोबर दोन महिने जेवला होता. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वेसलवर डोळा ठेवून होते. यिकेला तसं सांगितलंही.

प्रदर्शन डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडायचं होतं. यिकेने आपली भाड्याची खोली सोडून दिली होती. आता हे घर म्हणजे तिचं राहणंही आणि प्रदर्शनही. घर गेलं तर दोन्ही गेलं. आणि घर जायला एक चूक पुरे होती, ते रिकामं ठेवणं. घर फोडणाऱ्यांचा पहिला नियमच तो, कुणी ना कुणी आत हवंच. एक तास जरी घर मोकळं सापडलं तरी मालकाची माणसं कुलूप बदलून मोकळी होतात.

म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. मीही पाळीला जायचे. पडदे शिवायला काय, कुठेही बसून शिवता येतात.

पहिली गोष्ट घडली ती भिंतीवर.

वरच्या पुढच्या खोलीत उजेड चांगला, म्हणून यिकेने तिची मोठी चित्रं तिथे लावली. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरवलेली होती. फेकलेली नाही, फाडलेली नाही. भिंतीला तोंड करून नीट टेकवून ठेवलेली. खिळे उपटून खिडकीच्या फळीवर ओळीने मांडलेले.

यिकेने परत लावली.

परत उतरवलेली.

मग जिन्यावर वास यायला लागला. हिरव्या साबणाचा, ज्याने माझी आई फरशा घासायची. यिकेने वरच्या लाकडी जमिनीवर निळ्या रंगात एक नदी काढली होती, भिंतीपासून दारापर्यंत. एका सकाळी ती नदी नव्हती...

जमीन घासून काढलेली. फळ्या ओलसर.

यिके रडली नाही. ती जिन्यावर बसून राहिली. मला म्हणाली, "कुणाला तरी आपण इथे नको आहोत, मावशी."

मला कोण ते ठाऊक होतं. त्याच्या पायात चांगले बूट होते.

एका दुपारी वेसल आणि मी दोघंच घरात होतो. मी सरळ विचारलं, वर कोण जातं? तो दार तासत होता. त्याने मान वर केली आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "मला वाटलं तुम्हीच. तुम्ही वर खिडकीत बसता ना दुपारच्या? मी सायकल लावताना बघतो रोज. हात करतो. तुम्ही करत नाही."

मी त्या खोलीत एकदाही बसले नव्हते.

खोटारडा, मी मनात म्हटलं. पण मान मागे वळवून जिन्याकडे बघितलं, हेही खरं.

त्या पलंगावर कुणी झोपत नसे. तो कायद्यापुरता होता. वर मांडलेलं घोंगडं मीच घरून आणलेलं. यिके खाली आपल्या गादीवर झोपायची. संध्याकाळी मी ती खोली नीट केली. घोंगडं ताणून बसवलं, उशी थोपटली, खुर्ची टेबलाला लावली. बाहेर आले, दार ओढलं आणि फटीत काडी खोचली. अगदी खाली, जमिनीजवळ. बघणाऱ्याला दिसणार नाही अशी. कुणालाच सांगितलं नाही.

सकाळी उजाडल्यावर गेले.

काडी जागच्या जागी होती.

मला बरंही वाटलं आणि जरा हिरमोडही झाला. दार उघडलं.

खुर्ची खिडकीपाशी होती, रस्त्याकडे तोंड करून.

घोंगडं एका बाजूने दुमडलेलं... जसं आपण उठताना दुमडतो.

उशीत खळगा.

मी त्या खळग्यात हात ठेवला. का ठेवला, माहीत नाही.

ऊब होती.

मी खाली आले, कॉफी केली आणि गप्प बसले. वेसल खिडकीतून आला असेल, असं मी स्वतःला पटवलं. पहिल्या मजल्यावरच्या, आतून बंद खिडकीतून. संशयाला एकदा माणूस मिळालं की तो दुसरीकडे बघायला तयार नसतो.

प्रदर्शनाच्या शनिवारी सकाळी यिके वर गेली आणि तिचा आवाज आला. सगळी चित्रं पुन्हा खाली. भिंतीला तोंड करून. लोक यायला काही तास उरलेले. ती जिना उतरून थेट वेसलपाशी गेली. ओरडली नाही, हळू आवाजात बोलली. ते जास्त वाईट होतं.

"मालकाला सांग, चित्रं आवडली नाहीत तर न्यायाधीशाकडे तक्रार कर म्हणावं. आणि तू जा."

वेसल माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं. त्याने आपला रंधा पिशवीत टाकला आणि गेला.

त्यानंतर रूबेन मित्राकडून दिवे आणायला गेला. यिके आणि मी बाजारात पाव, चीज आणि पेले आणायला. पुढे पेटी असलेली सायकल मी चालवत होते, यिके बाजूने चालत होती. परतताना पुलावर आल्यावर ती थांबली.

"मावशी. आत्ता पाळी कुणाची आहे?"

मी म्हटलं, "वेसलची."

म्हणजे घर रिकामं होतं.

मग पळालो. पाव रस्त्यात पडले, मी उचलले नाहीत.

गल्लीत शिरलो तर दारासमोर एक पांढरी गाडी. दोन दांडगे पुरुष आणि एक कुलूपवाला. गेलं घर, असंच वाटलं.

पण ते अवजारं गाडीत परत ठेवत होते.

त्यांतला वयाने मोठा होता तो आम्हाला बघून चिडला. "तुम्ही या घरातल्या ना? घरात म्हातारं माणूस आहे हे सांगायला काय झालं होतं? आम्हाला सांगितलं घर मोकळं आहे म्हणून. मी म्हाताऱ्या बाईला उचलून रस्त्यावर ठेवत नाही. मला आई आहे."

यिकेने विचारलं, "कुठली बाई?"

"ती काय आत. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलल्या. मी म्हटलं, आजी, दार उघडा, घर मालकाचं आहे. तर म्हणाल्या..."

तो थांबला. मान खाजवली.

"म्हणाल्या, माझं टेबल आहे, माझी खुर्ची आहे, माझा पलंग आहे. मी इथे राहते."

गाडी गेली. आम्ही दार उघडलं. यिकेने जाताना कुलपात किल्ली दोनदा फिरवली होती, उघडतानाही तशीच दोनदा फिरवावी लागली.

आत कुणी नव्हतं.

फक्त साबणाचा वास...

प्रदर्शन उघडलं. कसं, मला विचारू नका. यिके हसत होती, लोकांशी बोलत होती आणि जिन्याकडे बघत नव्हती. वरच्या खोलीत तिने चित्रं लावलीच नाहीत. लोक टेबल, खुर्ची, पलंग बघून तेच प्रदर्शन समजले आणि फार छान म्हणाले.

शेजारच्या रीटबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, गल्लीत जन्म काढलेल्या. तोपर्यंत त्यांनी आम्हाला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. आता मोफत वाइन होती म्हणून आल्या, हे त्यांनीच सांगितलं. मी त्यांना हाताला धरून वर नेलं.

दारातच त्या थबकल्या.

मग पुढे होऊन त्यांनी खुर्चीच्या पायाला गुंडाळलेली दोरी चाचपली. "ही तर ट्रुसची. ही दोरी मी बांधून दिलीय. माझा नवरा म्हणत होता खिळा मार, मी म्हटलं लाकूड फाटेल." मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. पलंगाकडे बघितलं. "हे तर सगळंच ट्रुसचं. कुठे मिळालं तुम्हाला?"

रूबेन मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, तळघरातल्या मंडळींनी कुठल्यातरी रस्त्यावरून उचललं असणार, लोक टाकतात तसं टाकलेलं.

"कुठल्यातरी नाही," रीटबाई म्हणाल्या. "याच रस्त्यावरून. माझ्या खिडकीखालून."

ट्रुस त्या घरात चाळीसेक वर्षं भाड्याने राहत होती. एकटी. मालक म्हणाला, दुरुस्ती करायची आहे, दोन महिने वृद्धाश्रमात राहा, मग परत या. ती गेली. सामान रस्त्यावर आलं. दुरुस्ती झालीच नाही. तिला कुणी सांगितलं नाही की सामान गेलं. रीटबाई भेटायला जायच्या, पण त्यांच्याही तोंडून निघालं नाही. तिथेच वारेपर्यंत ट्रुस म्हणायची, माझं टेबल आहे तिथे, खुर्ची आहे, पलंग आहे, मी काय, येतेच.

रीटबाईंनी वाइनचा पेला टेबलावर ठेवला नाही. हातातच धरला. जाताना म्हणाल्या, "चित्रं लावू नका इथे. तिला भिंतीला भोकं पाडलेली चालायची नाहीत."

लोक गेल्यावर आम्ही तिघं खाली बसलो. रूबेन म्हणाला, उद्याच्या उद्या हे सामान तळघरात पोचवू, दुसरं आणू. टेबल ते टेबल.

यिके म्हणाली, "पोलिसांनी जे बघितलं ते तिचं होतं. त्या गाडीवाल्यांना जिने परत पाठवलं ती तीच होती. रूबेन, घर आपण फोडलंच नाही. तिने फोडलं. आपण फक्त हमाली केली."

"मग आपण कोण?"

"तिच्याकडे राहायला आलेली माणसं."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जी बाई चित्रं उतरवते, नदी पुसते, ती पाहुण्यांना किती दिवस ठेवेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी यिकेने वरची खोली स्वतः घासली. भिंतीतली भोकं बुजवली. दार ओढून घेतलं आणि बाहेर लिहिलं, इथे राहणं आहे, आत येऊ नये. मग सायकल काढून वेसलला शोधायला गेली. दोन दिवसांनी तो परत आला. मी त्याच्यासाठी सूप केलं होतं. बुटांचं मी विचारलंच. त्याच्या वारलेल्या भावाचे होते.

त्यानंतर एकही चित्र उतरलं नाही. त्या घरात सतरा प्रदर्शनं झाली असतील, अठरा असतील. मालकाने कोर्टात तारखा काढल्या, त्या पुढे पुढे ढकलल्या गेल्या. वेसल सायकल लावताना वर बघून हात करायचा. एकदा मला म्हणाला, आज त्यांनीही केला. मी म्हटलं, मला सांगू नकोस.

कायदा बदलल्यावर मात्र थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. ढाली घेतलेले पोलिस आले, सकाळी. आम्ही निमूट बाहेर पडलो. त्यांचा प्रमुख वर बघत म्हणाला, "आणि वरच्या बाई? त्यांना आधी खाली आणा, जिना चढा आहे."

यिके म्हणाली, वर कुणी नाही.

तो स्वतः गेला. खाली आला तेव्हा त्याने शिरस्त्राण काढून हातात घेतलं होतं.

"होत्या," एवढंच म्हणाला. "आत्ता होत्या."

आणि मग टेबल, खुर्ची, पलंग रस्त्यावर आलं. रीटबाईंच्या खिडकीखाली. दुसऱ्यांदा.

ते तिथे सोडून जाणं आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही. पण एकत्र न्यायचं धाडसही नव्हतं. टेबल रूबेनने नेलं. पलंग यिके आणि वेसलने. खुर्ची माझ्याकडे आली. चौघांनी ठरवलं, या तीन वस्तू एका छपराखाली आणायच्या नाहीत. हे आम्ही हसत ठरवलं. आजपर्यंत पाळलं.

माझ्या शिवणाच्या खोलीत ती खुर्ची आहे, दोरी गुंडाळलेली. मी ती भिंतीला लावून ठेवते. कधीमधी ती खिडकीकडे वळलेली सापडते. एकटी खुर्ची काय करणार, असं मी म्हणते आणि परत भिंतीला लावते.

मागच्या महिन्यात रूबेन पोर्तुगालला कायमचा गेला. टेबल माझ्या दाराशी ठेवून गेला, मला न विचारता. पावसात भिजत होतं. आत घ्यावंच लागलं.

आणि परवा यिकेचा फोन आला. तिला नि वेसलला बाळ व्हायचंय, खोली लहान आहे. "मावशी, पलंग तुझ्याकडे ठेवशील का?"

मी म्हटलं, "तुला कळतंय ना काय मागतेयस?"

ती म्हणाली, "दोनदा रस्त्यावर आली ती. तिसऱ्यांदा मी ठेवू?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पलंग रविवारी येतोय. दिवसाच आणा, असं मी बजावलंय. या घराची भाडेकरू मी आहे, कागद माझ्या नावावर आहे, हे मी कालपासून दोनदा मोठ्याने बोलून बघितलं. पण टेबल, खुर्ची, पलंग तिचा असेल तर इथे राहतं कोण, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

काल झोपताना शिवणाच्या खोलीचं दार ओढलं आणि फटीत काडी खोचली.

आज सकाळी काडी जागच्या जागी होती.

मी दार उघडलेलं नाही.

आतून साबणाचा वास येतोय...